खेळणे कोणाच्या कातडीचे?



मागच्या महिन्यात सुनेने आमच्या मनीसाठी ऑनलाइन एक उंदीर मागवला. पांढरा, हाताला लोण्यासारखा. मला शंका आली म्हणून चष्मा लावून पाकीट वाचले. बारीक अक्षरांत लिहिले होते, 'रॅबिट फर'. म्हणजे खऱ्या सशाची कातडी! पाणी गाळून पिणाऱ्या, कंदमुळे न आणणाऱ्या घरात आम्ही पैसे मोजून मेलेला ससा आणला होता.

"एवढ्याशा खेळण्याचा काय बाऊ करता?" जाऊबाई म्हणाल्या. करणारच. मंदिरात जाताना आपण चामड्याचा पट्टा, पर्स बाहेर ठेवतो. मग कुत्र्यासाठी दोन्ही टोकांना गाठी मारलेले ते पांढरट 'हाड' घेताना कोणी विचारते का, हे कशाचे? ते हाड नसतेच. गुरांच्या कच्च्या चामड्याची गुंडाळी असते. वर भिजून मऊ झालेला तुकडा कुत्र्याच्या घशात अडकतो तो वेगळाच.

काही जणी म्हणतील, पंधरा कर्मादानांत असतीपोषण सांगितले आहे, कुत्री-मांजरे पाळूच नयेत. मग पाळू नका, माझा वाद नाही. आमची मनी भर पावसात दारात आली, तिला हाकलणे मला जमले नाही. पण एकदा घरात घेतल्यावर "जनावरच ते, त्याला काहीही चालते" हे वाक्य श्राविकेच्या तोंडी शोभत नाही.

हे मी शहाणपणाने नाही, चटका बसल्यावर शिकले. दोन वर्षांपूर्वी राखीचा रेशमी दोरा मीच मनीपुढे नाचवला होता. मांजरीच्या जिभेवरचे काटे आत वळलेले असतात, तोंडात गेलेला दोरा तिला सहज थुंकता येत नाही. पोटात त्याचे एक टोक अडकले की नाडी ओढल्यावर परकराला चुण्या पडतात तशी आतडी गोळा होतात, चिरतातही. तिला वर्ध्याहून नागपूरला नेले, ऑपरेशन झाले. राखी पंधरा रुपयांची, खर्च नऊ हजारांचा. बी.कॉम. झालेली बाई हा हिशेब विसरत नाही. आणि हो, दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढू नका, थेट डॉक्टरकडे न्या.

अमेरिकेतल्या माझ्या पुतणीकडे दोन फेरेट आहेत, मुंगसासारखे लांबुडके. (म्हणून इथे मुंगूस पाळायला जाऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.) त्यांना रबर आणि स्पंज कुरतडायचा फार नाद, आणि तोच तुकडा आतड्यात अडकतो. ती रबराचे काही घरात ठेवतच नाही. जुन्या पॅन्टच्या पायाचे बोगदे आणि फुटणार नाही असा टणक चेंडू, बस्स.

आपल्याकडे तरी काय लागते? पुठ्ठ्याचे खोके, त्याच्या पिना आणि चिकटपट्टी काढून. वर्तमानपत्राचा बोळा. कुत्र्याला पूर्ण तोंडात मावणार नाही एवढा मोठा चेंडू. डोळे, घंटी, शिवलेली बटणे ओढून पाहा. निघाली तर ते खेळणे नको. केसांची रबरे, लोकर, पतंगाचा मांजा डब्यात बंद. फाटलेले खेळणे त्याच दिवशी बाहेर, "अजून चालतंय" म्हणायचे नाही.

तो उंदीर मला कचऱ्यात टाकवेना. अंगणात तुळशीपासून लांब खड्डा करून पुरला आणि नवकार म्हटला. सून हसली. हसू दे. पुढचे खेळणे मागवताना तिने मला आधी मोबाईल दाखवला.