गुंगीची बाटली

शस्त्रक्रियेच्या मेजावर आडवा झालेला मनुष्य आपली शुद्धदेखील दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. सुईत काय भरले, किती भरले आणि कोणत्या बाटलीतून भरले, हे पाहण्यास तो जागा नसतो. म्हणूनच ते पाहणारे दुसरे कोणी तेथे असलेच पाहिजे.

अमेरिकेतील लास व्हेगास शहरी २००८ साली जे उघडकीस आले, ते आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. आतड्यांच्या तपासणीसाठी येणाऱ्यांना तेथे प्रोपोफॉलची गुंगी देत. ती कमी पडली की सुई बदलावयाची, पण जुन्याच सिरिंजने त्याच बाटलीतून औषध पुन्हा ओढावयाचे. उरलेले पुढच्या रुग्णास. सुई नवी म्हणजे सारे शुद्ध, असा हिशेब! सिरिंजमध्ये मागे आलेला रक्ताचा सूक्ष्म अंश मात्र बाटलीत उतरला आणि ‘सी’ प्रकारच्या काविळीचा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे गेला. चाळीस हजारांहून अधिक लोकांना रक्त तपासून घेण्यास कळवावे लागले. संबंधित डॉक्टर २०१३ साली दोषी ठरला. त्याने कोणाचे यकृत भरून आले नाही.

उरलेले टाकू नये, हा आपल्या घरचा संस्कार. येथे तोच घातक ठरतो. सोयाबीनचे तेल आणि अंड्यातील लेसिथिन यांचे हे दुधाळ मिश्रण दुधासारखेच जंतूंना मानवते. एका रुग्णाची बाटली त्याच्यापुरतीच. उरले ते फेकावयाचे.

मात्रेचेही तसेच. मिडाझोलॅम एका मिलिलिटरात १ मिलिग्रॅम असे मिळते, तसेच ५ मिलिग्रॅम असेही. मास्तरकीच्या दिवसांत दशांशचिन्ह चुकविणाऱ्याचा आम्ही अर्धा गुण कापीत असू; येथे लेबल वाचावयाचे राहिले तर पाचपट औषध शिरेत जाते आणि श्वास मंदावतो. वृद्धांना तर तरुणांची मात्रा सोसतच नाही. थोडे द्यावे, दोन मिनिटे थांबावे, मग पुन्हा पाहावे. गर्दीच्या दवाखान्यात नेमकी हीच दोन मिनिटे महाग वाटतात.

भरलेल्या प्रत्येक सिरिंजवर औषधाचे नाव व प्रमाण लिहिण्यास खर्च तो किती? आणि शस्त्र चालविणाऱ्यानेच गुंगीकडेही पाहावे, ही काटकसर आता थांबली पाहिजे. नातेवाइकांनी खर्चाची चौकशी करण्याआधी, गुंगी कोण देणार आणि श्वासावर लक्ष ठेवण्यास निराळा माणूस आहे काय, एवढे विचारावे. या प्रश्नाने रागावणारे डॉक्टर आम्ही पाहिले आहेत, तरीही विचारावे.