विसण कुठून येतंय?

डिसेंबर लागला की सकाळी सातच्या सुमारास आमच्या इमारतीच्या डक्टमधून एक आरोळी हमखास ऐकू येते, "गिझर कुणी बंद केला?" केला कुणीच नसतो. तोंडाला साबण लावून उभ्या असलेल्या माणसाला पुरावा मागायचा नसतो, एवढंच.

बिचाऱ्या गिझरची बाजू घ्यावी म्हणतो. जुन्या बंबात वरून गार पाणी ओतलं की तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर पडायचं. गिझरही तेच करतो. गार पाणी तळाशी शिरतं आणि वर जमलेल्या गरम पाण्याला बाहेर ढकलतं. टाकी 15 लिटरची, पाणी 60 अंशांवर आणि नळाचं पाणी 20 अंशांचं असलं, तर अंगावर घेण्याजोगं पाणी फार तर 30-35 लिटर निघतं. म्हणजे दोन बादल्या. हौसेने बसवलेला मोठा शॉवर मिनिटाला 10 लिटर ओतत असेल, तर हा साठा साडेतीन मिनिटांत संपला. मेकॅनिक बोलावून यात काय होणार? तीन किलोवॉटचा छोटा इन्स्टंट गिझर तर मिनिटाला पाच लिटरच्या धारेला जेमतेम नऊ अंश चढवतो. तो बादलीसाठी आहे, शॉवरसाठी नव्हे.

बोअरचं पाणी असलं तर मात्र गिझरला खरंच आजार जडतो. कॉइलवर क्षारांचं पांढरं कवच चढतं आणि पाणी तापायला वेळ लागतो.

आमच्याकडची तऱ्हा निराळीच होती. गिझरमधून निघणाऱ्या पाइपला हात लावायची सोय नाही इतका तो गरम, आणि शॉवरला पाणी पहिल्यापासूनच कोमट. कॉइल बदलून झाली, थर्मोस्टॅटही बदलून झाला. शेवटी एक जुने प्लंबर आले. त्यांनी पिशवीसुद्धा उघडली नाही. गिझरचं बटण बंद केलं, गार पाण्याचा कॉक आवळला आणि म्हणाले, "साहेब, आता बेसिनचा गरमचा नळ सोडा."

सोडला. पाणी येतच राहिलं.

"गिझरमध्ये पाणी जातच नाहीये, मग हे येतंय कुठून?"

प्रश्न बिनतोड होता. आत काही शिरत नसेल तर बाहेर काही पडायला नको. उत्तर सापडलं मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशिनशेजारी. तिथल्या मिक्सरला हँड शॉवर लावलेला. मिक्सरचे गरम आणि गार दोन्ही नळ उघडे, पाणी अडवलेलं फक्त हातातल्या खटक्यावर. बाहेरची वाट बंद, त्यामुळे गार पाणी मिक्सरमधून आडवं जाऊन गरमच्या लाइनीत घुसत होतं आणि घरभर परस्पर विसण पडत होतं. त्यांनी दोन्ही नळ फिरवले, काम झालं. व्हिजिटचे पूर्ण पैसे घेतले. घ्यायलाच हवेत. नळ कुणीही फिरवील, कुठला फिरवायचा हे कळण्याचे ते पैसे.

गच्चीवर सोलर असलेल्यांकडे हेच दुखणं दुसऱ्या वाटेने येतं. सोलरचं पाणी नुसत्या उतारावर खाली येतं आणि गारच्या लाइनीला कुणीतरी प्रेशर पंप जोडून ठेवलेला असतो. मिक्सर उघडला की जोरकस गार पाणी गरमला मागे रेटतं. अशा वेळी मिक्सरला येणाऱ्या गरमच्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला, तर गार पाणी निदान उलटं वर चढत नाही. पण दोन्ही लाइनींचा जोर सारखा केल्याशिवाय अंघोळीचं सुख नाही. एकाच लाइनीला पंप लावण्याचा सल्ला देणाऱ्याला त्याच शॉवरखाली जानेवारीत उभं करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गॅस गिझरचं आणखी वेगळं. पाण्याचा जोर एका मर्यादेखाली गेला की ज्योतच विझते. शॉवरच्या जाळीची भोकं क्षारांनी बुजली असली तरी तेवढं पुरतं. जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून सकाळी जुन्या टूथब्रशने घासली की पाणी पुन्हा जोरात येतं. गिझर मात्र बंद न्हाणीघरात नको, बाहेर मोकळ्या हवेतच हवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.