रोशा तेलाला वैद्य करू नका

आरोग्याच्या कुठल्याही प्रदर्शनात हल्ली 'पामारोजा' नावाची दहा मिलिलिटरची कुपी मिळते. वर गुलाबाचे चित्र असते. आत गुलाब औषधालाही नसतो. सोबतच्या पत्रकात मात्र औषधांची रेलचेल : ताण, निद्रानाश, संधिवात, सुरकुत्या, एखाद्या धीट विक्रेत्याकडे मधुमेहसुद्धा. हे पामारोजा म्हणजे आपले रोशा गवत. खानदेशात, मेळघाटात, सातपुड्यापलीकडच्या निमाडात डोंगरउतारावर ते आपसूक वाढते, पावसाळा सरताना फुलोऱ्यावर येते आणि ओढ्याकाठच्या भट्टीत त्याचे तेल निघते. तेल गुणाचे आहे. माझे भांडण पत्रकाशी आहे.

पत्रकाचा पहिला पक्ष असा, की तेल नैसर्गिक, म्हणून निरुपद्रवी. बिब्बाही नैसर्गिकच असतो; तो उतलेल्या माणसाला विचारावे. शंभर किलो हिरव्या गवतातून तेल निघते साधारण अर्धा किलो, आणि चांगल्या तेलात तीन-चतुर्थांशाहून अधिक एकच द्रव्य असते, जिरॅनिऑल. गुलाबासारखा वास त्याचाच, आणि काहींच्या कातडीवर पुरळ उठवणारेही तेच. युरोपीय संघाने 2003 साली ज्या सव्वीस सुगंधी घटकांची नावे प्रसाधनांच्या वेष्टनावर ठराविक प्रमाणापुढे छापणे सक्तीचे केले, त्यांत जिरॅनिऑल आहे. गवतात विरळ असलेले द्रव्य कुपीत इतके दाटते. ते निर्भेळ चोळायचे नाही, तिळाच्या किंवा खोबरेल तेलात थेंबांनी मिसळायचे. पिण्याचे तर नावच काढू नये. पण प्यायचा सल्ला देणारी पत्रकेही निघतात.

दुसरा पक्ष परंपरेचा. 'आमचे आजोबा गुडघ्याला हेच लावत' हे वाक्य खरे आहे आणि ते मी खोडणार नाही. दुखऱ्या सांध्यावर हे तेल चोळले की ऊब येते आणि घटकाभर बरे वाटते. पण घटकाभर बरे वाटणे आणि संधिवात जाणे यांत जे अंतर आहे, ते आजोबांना ठाऊक होते. पत्रक लिहिणाऱ्याला ठाऊक असूनही तो ते लपवतो. कायदाही या बाबतीत मुका नाही. औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा 1954 चा कायदा ज्या रोगांवर इलाजाचा दावा करू देत नाही, त्यांच्या यादीत संधिवात आहे, मधुमेहही आहे. राहता राहिले 'थेरप्युटिक ग्रेड' हे बिरुद. ते कोणतेही सरकार देत नाही. विकणाऱ्याने स्वतःच्या गळ्यात स्वतःच घातलेला तो हार आहे.

इथवर वाचून खूश झालेल्या विज्ञाननिष्ठ मित्रांनाही थोडे थांबवतो. त्यांचा निकाल ठरलेला : वासाने काही होत नाही, सगळे थोतांड. हेही चूक. गंधाची वाट मेंदूत भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांशी फार जवळून जुळलेली आहे. नकोसा वास माणसाला खोलीबाहेर काढू शकतो, तर हवासा वास त्याला खोलीत रमवील, यात अशक्य काय? रोशाच्या तेलाने डास काही वेळ दूर राहतात. तेल उडून गेले की परततात. जिरॅनिऑल प्रयोगशाळेतल्या बशीत जंतूंना आवरते, म्हणून ते शरीरातला आजार आवरील असे होत नाही. पण साबणात, मालिशच्या तेलात, घरातल्या सुवासात त्याची जागा पक्की आहे.

आणि या जागेला फार मोठा इतिहास आहे, जो एकाही कुपीवर दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानात जाई. तिथे ते उन्हात ठेवून फिके करत आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळत. आजच्या बल्गेरियातल्या कझानलाकच्या खोऱ्यात काही भट्ट्यांवर तर पाकळ्यांवरच शिंपडून मग अर्क काढत. गुलाबतेलातही जिरॅनिऑल असतेच, त्यामुळे नाकाने चोरी पकडणे अवघड. जाणता व्यापारी मग तेल गार करून पाही. शुद्ध गुलाबतेल लवकर गोठते, भेसळीचे रेंगाळते. लबाडी खरीच, पण आपल्या माळावरचे गवत गुलाबाच्या रांगेत खपले ते केवळ वासाच्या जोरावर. त्या बाजारात खपायला त्याला रोग चिकटवावे लागले नव्हते.

खानदेशातले भट्टीवाले मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार मानत. कोवळ्या गवताचे तेल मोतिया आणि जून गवताचे सोफिया, असा तेव्हाचा समज. पुढे वनस्पतिशास्त्राने दाखवले, की हे वाणच वेगळे : मोतियात जिरॅनिऑल भरपूर आणि वास गोड, सोफियात ते कमी आणि वास उग्र. लखनौच्या 'सीमॅप' या संशोधन संस्थेने लागवडीसाठी तृष्णा, तृप्ता असे वाण काढले. इतके बारकावे असलेल्या मालाला 'ताणमुक्ती' एवढीच ओळख देणे हा त्याचा अपमान आहे.

'पण दावे काढले तर कुपी खपेल कशी?' असे एक विक्रेता म्हणेलच. त्याने पत्रक फाडून कुपीवर चार ओळी छापाव्यात : मोतिया की सोफिया, कोणत्या तालुक्यातले गवत, कोणत्या महिन्यात काढले, जिरॅनिऑल किती टक्के. शेतकऱ्याकडून पिंप उचलताना हाच टक्का पाहून घासाघीस होते. गिऱ्हाईक दहा मिलिलिटर घेते, म्हणून त्याला तो आकडा कळू नये असे थोडेच आहे?