मेंदूची साक्ष : पुणे, २००८

१/ मेंदूत चिप बसवल्याची बातमी परदेशातून आली की आपल्याकडे एक ठरलेले वाक्य उमटते : ‘उद्या यंत्रे मनातले वाचू लागतील, कायद्याने आजच सावध व्हावे.’ या वाक्यातला ‘उद्या’ चुकीचा आहे. मेंदूच्या विद्युतलहरी पुराव्यात धरून महाराष्ट्रातील एका न्यायालयाने जन्मठेप सुनावली, ती जून २००८ मध्ये.

२/ प्रकरण पुण्याचे. व्यवस्थापनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीवर आरोप होता की, तिने आपल्या पूर्वीच्या वाग्दत्त वराला प्रसादातून सोमल, म्हणजे आर्सेनिक, दिले. मुंबईतील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत तिची चाचणी झाली. या चाचणीत डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवतात आणि आरोपीने डोळे मिटून मुकाट बसायचे असते. मग गुन्ह्याविषयीची विधाने प्रथमपुरुषात ऐकवली जातात : ‘मी सोमल विकत घेतले.’ उत्तर द्यायचे नसते. घटना या व्यक्तीने स्वतः अनुभवली की केवळ ऐकली, हे लहरींवरून संगणक ठरवतो.

३/ ही ‘बीईओएस’ चाचणी. वर्तमानपत्रांच्या भाषेत ब्रेन मॅपिंग. तिचे जनक सी. आर. मुकुंदन हे बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत चिकित्सालयीन मानसशास्त्राचे विभागप्रमुख होते. चाचणीचा सारा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे : अनुभव आणि ऐकीव माहिती यांच्या खुणा मेंदूत वेगळ्या उमटतात आणि त्या यंत्राला अचूक ओळखता येतात. पण ज्या आरोपीने तोच आरोप चौकशीत पुनःपुन्हा ऐकला, रात्र-रात्र मनात घोळवला, तिच्या बाबतीत ‘अनुभव’ कशाला म्हणायचे? स्वतंत्र शास्त्रज्ञांनी पद्धत पडताळून पाहिलेली नसतानाही निकालपत्राने तिचा आधार घेतला.

४/ त्याच वर्षी निम्हान्सच्याच संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने या चाचण्यांना शास्त्रीय आधार नसल्याचे सांगितले आणि पुरावा म्हणून त्या वापरू नयेत अशी शिफारस केली. (योगायोग असा की, माणसाच्या मेंदूच्या लहरी १९२४ मध्ये प्रथम नोंदवणारे हान्स बर्गर यांनाही मूळ ओढ होती ती परचित्तज्ञानाची. हे यंत्र मनकवडेपणाच्या आशेतूनच जन्मले आहे.)

५/ समर्थकांचा आवडता युक्तिवाद असा की, पोलिसी मारापेक्षा हे बरे. म्हणजे कबुली काढायचीच, फक्त वळ उठू द्यायचे नाहीत! संविधानाच्या अनुच्छेद २०(३) ने आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून संरक्षण दिले आहे. मार चालत नाही आणि टोपी चालते, असा भेद त्यात कुठेही नाही.

६/ कायद्यापुढचा पेच मात्र खरा होता. ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या १९६१ च्या निकालानुसार बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने ‘साक्ष’ ठरत नाहीत. मग मेंदूची लहर ठशासारखी की जबानीसारखी? ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले : ती जबानीसारखी आहे, कारण तिच्यातून व्यक्तीचे ज्ञान बाहेर काढले जाते. सक्तीची नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग चाचणी घटनाबाह्य ठरली.

७/ इथे टाळ्या वाजवून थांबणाऱ्यांनी निकालाचा शेवट पुन्हा वाचावा. संमतीने चाचणी करण्याची मुभा कायम राहिली. तिचा निष्कर्ष थेट पुरावा ठरत नाही. पण तिच्या मदतीने पुढे जे हाती लागेल, ते २०२४ पर्यंत लागू असलेल्या पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली दाखल होऊ शकत होते. त्यामुळे यंत्र प्रयोगशाळेतच राहिले. २०२० मध्ये हाथरस प्रकरणातील आरोपींना याच चाचणीसाठी गांधीनगरला नेण्यात आले.

८/ संमती दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवावी, असा दंडक आहे. तो चांगलाच आहे. पण कोठडीतल्या माणसाने ‘नाही’ म्हटले, तर ‘लपवण्यासारखे काही नसेल तर भितो कशाला?’ हा प्रश्न दुसऱ्या दिवशी वृत्तवाहिन्यांवर असतो. पुण्याच्या त्या तरुणीनेही चाचणीला संमती दिली होती.