शाळा सुटल्यावर मूल कुणाकडे?

छत्रपती संभाजीनगरात दोन वर्षांच्या मुलासाठी पाळणाघर शोधायला निघालात तर सिडकोपासून गारखेड्यापर्यंत कुठे ना कुठे पाटी दिसतेच. पण मूल आठ-नऊ वर्षांचं आणि स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं असेल, तर त्याच पाटीखालून ‘आम्हाला नाही जमणार हो ताई’ असं ऐकून परत यावं लागतं. कायद्याचाही इथे फार आधार नाही. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करायची असते, पण ती लहानग्यांसाठी. वाळूजला किंवा शेंद्र्याला कामावर जाणाऱ्या आईबापांचं दहा वर्षांचं मूल त्यात बसत नाही.

मग ठरल्यासारखं एकच होतं, आई नोकरी सोडते. असं करण्याआधी थोडं थांबा. केंद्र सरकारच्या नोकरीत बालसंगोपन रजा एकूण ७३० दिवसांपर्यंत मिळते आणि मूल दिव्यांग असेल तर वयाची अट नाही. हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही दिव्यांग मुलांच्या आयांसाठी अशा रजेचा विचार करायला राज्याला सांगितलं. राज्य सरकारी नोकरीत असाल तर आपल्या आस्थापना शाखेत जाऊन नियम लेखी मागा. खासगी नोकरीवाल्यांना मात्र सोय स्वतःच उभी करावी लागते. पुढचं सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

सगळ्यात आधी घरात बसून एक गोष्ट ठरवा. शाळा सुटल्यापासून तुम्ही घरी येईपर्यंतच्या त्या तीन-चार तासांत मुलानं काय करावं अशी तुमची अपेक्षा आहे? बरेच पालक म्हणतात, ‘नुसतं बसवून ठेवू नका, काहीतरी शिकवा.’ मला हे पटत नाही. वर्गातला गोंगाट, घंटा, रांग, चाळीस मुलांची ढकलाढकल हे सगळं सोसून आलेल्या मुलाला त्या वेळी विश्रांती हवी असते. ओळखीचं खाणं, थोडा अंधार असलेली शांत खोली, झोका असेल तर झोका, आणि त्याला आवडतं ते पुन्हा पुन्हा करायची मुभा. स्पीच, ऑक्युपेशनल (ओटी) वगैरे थेरपी जरूर करा, पण त्यांच्या वेळेला. सांभाळणाऱ्या बाईनं थेरपिस्ट व्हायची गरज नाही. उलट ‘आमच्याकडे ठेवा, सहा महिन्यांत बोलता करतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या. विशेष शिक्षक किंवा स्पीच थेरपिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असावी लागते. तो क्रमांक बेलाशक विचारा.

माणूस शोधायचं कुठे? जाहिरातीपेक्षा थेरपी सेंटरबाहेरच्या बाकावर. तिथे तासन् तास बसणाऱ्या पालकांना शहरातली कोणती मावशी संयमी आहे आणि कोणतं पाळणाघर दार लावून घेतं, हे पक्कं ठाऊक असतं. आपल्याकडे अंबिका टाकळकर यांनी उभी केलेली ‘आरंभ’ ही संस्था ऑटिझमवर काम करते आणि तीही एका आईच्याच धडपडीतून आली आहे. तिथल्या पालकांशी बोला. विशेष शाळेतल्या मदतनीस बायकांना दुपारनंतर वेळ असतो का, तेही विचारा.

एकट्यानं पूर्ण पगार परवडत नसेल तर दोन-तीन घरं मिळून एक मावशी ठेवा, एका घरी मुलं जमवा. हा मार्ग मला सगळ्यात व्यवहार्य वाटतो. मात्र मुलं तीनपेक्षा जास्त नकोत. एकाला आवाज सहन होत नाही आणि दुसरा दिवसभर गुणगुणतो, अशी जोडी तर मुळीच जमवू नका.

जागा बघायला जाल तेव्हा भिंतीवरची चित्रं बाजूला ठेवा आणि आधी पाणी बघा. आपल्या शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं, म्हणून घरोघरी जमिनीतले हौद, गच्चीवर टाक्या, न्हाणीघरात भरलेले ड्रम. ऑटिझम असलेल्या कितीतरी मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते. अशी मुलं न सांगता घराबाहेर निघून जातात तेव्हा बुडण्याचा धोका मोठा असतो, हे जगभर दिसून आलेलं आहे. हौदाच्या झाकणाला कुलूप आहे का, टँकर आला की ते कोण उघडतं आणि परत कोण लावतं, हे स्वतः बघा. नंतर फाटकाची कडी, गच्चीचं दार आणि रस्ता किती जवळ आहे ते. मुलाच्या गळ्यात किंवा शर्टाच्या आत नाव आणि फोन नंबर असू द्या.

दुसरी काळजी बोलायला अवघड, पण टाळू नका. जे मूल बोलून सांगू शकत नाही, त्याला कुणी मारलं किंवा नको तसा हात लावला तरी आपल्याला कळत नाही. पालकांना कधीही, न कळवता आत येऊ देतील तीच जागा चांगली. कॅमेरा आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. शी-शूला कोण नेतं, कपडे कोण बदलतं, ते माणूस ठरलेलं असावं. मूल अचानक त्या घरी जायला घाबरू लागलं तर ‘हट्ट करतोय’ म्हणून सोडून देऊ नका. गरज पडली तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे.

माणूस ठरलं की एका पानावर मुलाची ओळख साध्या मराठीत लिहून द्या. कशानं बिथरतो, बिथरला तर काय करायचं, काय कधीच करायचं नाही, काय खातो, दुखलं तर कसं दाखवतो. मिक्सर, कुकरची शिट्टी, गणपतीत दारासमोरून जाणारा डीजे हेही लिहा. पहिले काही दिवस स्वतः सोबत बसा, मग अर्धा तास बाहेर जा, मग तासभर. घाईनं सोडून गेलात तर मूल आणि मावशी दोघंही घाबरतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. याच न्यासाची ‘दिशा-कम-विकास’ ही योजना दिवसभराच्या सांभाळासाठी आहे. जिल्हाधिकारी हे न्यासाच्या स्थानिक समितीचे अध्यक्ष असतात, म्हणून जिल्ह्यातल्या नोंदणीकृत संस्थांची यादी त्यांच्या कार्यालयात मागा. पालक एकटे गेले तर चकरा होतात, दहा जण मिळून अर्ज द्या.

आणि पाळणाघर चालवणाऱ्या ताई-मावशींना एक विनंती. तुमच्याकडच्या जागांपैकी एक जागा अशा मुलासाठी ठेवा. थोडे जास्त पैसे मागा, पालक देतील. ‘जमणार नाही’ म्हणण्याआधी त्या आईला आठवडाभर तुमच्याकडे सोबत बसू द्या आणि मग ठरवा.