मोसंबीची बाग आणि मे महिन्यातली विहीर

आजाऱ्याला भेटायला जायचं तर हातात मोसंबीची पिशवी हवी, हा आपल्याकडचा जुना रिवाज. मोसंबी आजारपणाशी इतकी जोडली गेली होती की, आमच्या लहानपणी धडधाकट माणूस मोसंबी सोलताना दिसला की, ‘काय, बरं नाही का?’ असं लोक विचारायचे! आता ज्यूसच्या गाड्या झाल्या, त्यामुळे तंदुरुस्त माणसांनाही मोसंबी पिण्याची परवानगी मिळाली आहे.

हे फळ मूळचं आपलं नाही. मोझांबिकवरून मोसंबी हे नाव आलं असं सांगतात. पण इथे ते असं रुजलं की, आमच्या भूगोलाच्या तासाला ‘रिकाम्या जागा भरा’मध्ये ते हमखास असायचं. नागपूरची संत्री, जळगावची केळी, नाशिकची द्राक्षं, आणि जालना-औरंगाबादची मोसंबी. (औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. आमच्या पिढीच्या तोंडात दोन्ही नावं येतात, समजून घ्या.) मी तीसेक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांतून मराठी आणि भूगोल शिकवला. ही रिकामी जागा चुकलेला विद्यार्थी मला आठवत नाही. कसा चुकेल? शाळेच्या कुंपणापलीकडेच बाग होती.

ती रिकामी जागा बरोबर भरणाऱ्यांपैकी एकजण पैठण तालुक्यात शेती करतो. २०१३ च्या उन्हाळ्यात त्यानं आपली पंधरा वर्षांची बाग तोडली. तो म्हणाला, “बाई, पहिल्या झाडाला कुऱ्हाड लावायला आठ दिवस गेले. बाकीची सगळी दोन दिवसांत आडवी झाली.” तो एकटा नव्हता. त्या वर्षी पैठण, अंबड, घनसावंगी या सगळ्या पट्ट्यात वाळलेल्या बागा सरपण म्हणून जात होत्या.

मी १९७२ चा दुष्काळ पाहिलेला आहे. खडी फोडणारी माणसं, सुकडी, मिलोच्या लाल भाकरी, सगळं पाहिलंय. पण तेव्हा धान्य नव्हतं, आणि पाणी कुठेतरी थोडंफार होतं. २०१२-१३ ला दुकानात धान्याच्या गोण्या होत्या आणि विहिरीत खडक उघडा पडला होता. ज्वारी एक वर्ष गेली तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. मोसंबीचं झाड लावल्यावर पहिलं बऱ्यापैकी फळ यायला चार-पाच वर्षं लागतात, आणि मग ते पंधरा-वीस वर्षं देत राहतं. म्हणजे एका उन्हाळ्यात जे मेलं ते एका वर्षाचं पीक नव्हतं. मागची पाच वर्षं आणि पुढची दहा-पंधरा, सगळी एकदम गेली.

हा विषय आज काढायचं कारण आमचा पुतण्या. नोकरीतून मोकळा झालाय, गावाकडे वाट्याची दोन एकर जमीन आहे, तिथे मोसंबी लावायची म्हणतो. “काकू, तुम्ही तर त्या भागात आयुष्य काढलं, लावू का?” मी शेतकरी नाही. पण हिशेब मला येतो, म्हणून कागद घेऊन बसले.

सहा बाय सहा मीटरवर लागवड केली तर एकरी एकशे दहाच्या आसपास झाडं बसतात. भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला ठिबकनं दिलं तरी दिवसाला शंभरेक लिटर पाणी लागतं. म्हणजे एकराला अकरा हजार लिटर, एक मोठा टँकर. दोन एकराला रोज दोन टँकर. फळं सोडून दिली, आळ्यात उसाच्या पाचटाचं आच्छादन घातलं, नुसतं झाड जगवायचं ठरवलं, तर यातलं बरंच कमी होईल. पण शून्य होत नाही. आणि आपल्या मराठवाड्याचा सरासरी पाऊस ६८० मिलिमीटरच्या आसपास, तोही सरासरी कागदावरच भेटते. खाली काळा पाषाण. त्याच्या भेगांत मावेल तेवढंच पाणी, एप्रिल आला की संपलं.

बहार कोणता धरायचा यातही सगळं पाण्यावर येऊन थांबतं. अंबे बहार धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत झाडाला ताण द्यायचा, फुलं आली की पुढचा सगळा उन्हाळा फळं अंगावर घेऊन झाड उभं. मृग बहारात उलटं. एप्रिल-मे ताणाचा, झाड एरवीही तहानलेलंच असतं, आणि पावसाबरोबर फूल. थोड्या पाण्याच्या शेतकऱ्यानं मृगच धरावा असं मला वाटतं. पण पाऊस लांबला की मृगही हुकतो, हेही खरं. आणि पाऊस जास्त झाला तरी सुटका नाही! काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळं कुजतात, खोडाला डिंक्या लागतो, फळगळ सुरू होते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पाऊस कोसळला, त्यात कित्येकांच्या बागांत दिवसेंदिवस पाणी उभं होतं. ज्या झाडासाठी कधी टँकर आणला, तेच झाड पाण्यात बुडालेलं पाहायचं.

आता माझं मत सांगते, पटेल न पटेल. आपल्याकडे लागवडीला पैसे मिळतात, झाड जगवायला नाही. १९९० साली महाराष्ट्रानं रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली. योजना फार चांगली होती, पडीक रानांत झाडं उभी राहिली, हातात दोन पैसे आले. २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकरांच्या नावानं दुसरी योजना आली. त्यातही भर लागवडीवर आणि पहिल्या काही वर्षांवर. पण दहाव्या वर्षी दुष्काळ पडला तर? फळपीक विमा आहे, तो हवामानावर आधारित. महसूल मंडळातल्या यंत्रानं नोंदवलेला पाऊस आणि तापमान पाहून तो त्या हंगामाच्या फळाचे पैसे देतो. झाडच मेलं, तर पुढच्या बारा वर्षांचं काय, हे त्या यंत्राला विचारता येत नाही. एवढ्या वर्षांत झाडाचा विमा हा विषय कुणी नेटानं लावून धरला नाही, याचं मला नवल वाटतं. गाय-म्हशीचा विमा उतरवता येतो. पंधरा वर्षं घर चालवणारं झाड गाईपेक्षा कमी आहे का?

शेततळ्यांविषयीही जरा बोलायला हवं. प्लास्टिक अंथरलेली मोठमोठी तळी दिसायला छान दिसतात, आणि अनेकांच्या बागा त्यांनी वाचवल्यात हे मान्य. पण त्यातली किती पावसाच्या वाहत्या पाण्यानं भरतात? बहुतेक ठिकाणी विहीर-बोअरचं पाणी उपसून वर आणून उन्हात ठेवलेलं असतं. त्यातलं काही वाफ होऊन जातं, आणि शेजाऱ्याची विहीर महिनाभर आधी आटते. ज्याच्याकडे तळं खोदायला पैसा त्याची बाग वाचते, दीड एकरवाल्याची जाते. याला मी पाणी साठवणं म्हणत नाही, आपल्या नावावर करून घेणं म्हणते.

जालना जिल्ह्यातल्या कडवंचीनं क्रम बरोबर लावला. १९९६ पासून पाच-सहा वर्षं तिथे आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवण्याचं काम झालं, चर खणले, बांध घातले. द्राक्षबागा नंतर वाढल्या. तळी तिथेही खूप आहेत, पण गावाच्या शिवारात आधी पाणी मुरलेलं होतं.

उसाबद्दल लिहिलं की आमच्याच नात्यातले काहीजण रागावतात. रागवा! जायकवाडीचं उद्घाटन १९७६ ला झालं, तेव्हा या पाण्यावर कोरडवाहू माणूस उभा राहील असं आम्हाला वाटलं होतं. प्रत्यक्षात पाण्याजवळ ऊस गेला. दुष्काळी वर्षात ऊस मोडला तर तो पुढे परत लावता येतो. बाग मोडली तर पोराचं शिक्षण संपेपर्यंत परत येत नाही. टंचाईत पिण्याच्या पाण्यानंतर पहिला हक्क जित्या फळझाडाचा असावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

परवा नात चॉकलेट खाताना म्हणाली, “आजी, चॉकलेट कुठल्या झाडाला लागतं?” म्हणून तिला कोकोविषयी वाचून दाखवलं आणि माझीच मान हलायला लागली. आफ्रिकेत घाना आणि आयव्हरी कोस्ट या दोन देशांत जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकतो, तोही चार-आठ एकरवाल्या शेतकऱ्यांच्या रानात. २०२४ मध्ये जगाच्या बाजारात कोको टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. पण तिथे शेतकऱ्याचा भाव सरकार हंगामाआधी ठरवतं, त्यामुळे ती चढती त्याच्यापर्यंत उशिरा आणि तोकडीच पोचली. झाडं म्हातारी, फांद्या सुजण्याचा विषाणू रोग, त्यावर उपाय झाड तोडणं. निदान या दोन देशांनी एकत्र येऊन २०२०-२१ च्या हंगामापासून टनामागे ४०० डॉलर जादा मागितले, शेतकऱ्याच्या पोटासाठी म्हणून. आमच्या मोसंबीसाठी कोण मागणार? २०१६ साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले. पण पाचोडच्या बाजारात व्यापारी टनामागे कटती लावतो तेव्हा मानांकन कुठे दिसत नाही. आणि शहरातला ज्यूसचा ग्लास बागेतला भाव पडला म्हणून स्वस्त झालेला मी तरी पाहिला नाही.

असो. तर पुतण्याला मी कळवलं आहे की, दोन्ही एकरांत मोसंबी नको. एका एकरात सीताफळ लाव. ते उन्हाळ्यात पानं टाकून स्वस्थ झोपतं, बालाघाटच्या डोंगरावर तर त्याला कुणी पाणी घालत नाही. फळ टिकत नाही ही अडचण आहेच, पण झाड मरत नाही. दुसऱ्या एकराचं ठरवायच्या आधी मे महिन्यात गावी जा, विहिरीत दोर सोड आणि पाणी किती परस आहे ते मोज. एकदा नाही, पंधरा-पंधरा दिवसांनी तीनदा. शेजारच्या दोन विहिरींचंही विचार, आणि २०१३ ला त्यांत काय होतं तेही विचार. तो म्हणाला, “काकू, रोपांचं बुकिंग तर फेब्रुवारीतच करावं लागतं.” मी म्हटलं, मग एक वर्ष थांब. यावर अजून त्याचा फोन आलेला नाही.