थंडी सोसण्याची किंमत

निफाड परिसरात पारा उतरला की द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात. हा बाहेरचा उपाय झाला. वनस्पतीची स्वतःची सिद्धता तिच्या पेशीत घडत असते. तिचा बराच उलगडा झाला तो मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या इवल्या सपुष्प वनस्पतीत. थंडीची चाहूल लागताच काही मिनिटांत तिची ‘सीबीएफ’ जनुके जागी होतात. त्यांची प्रथिने इतर अनेक जनुकांना कार्यान्वित करतात, शर्करा साठू लागते, पेशीपटले सावरतात. १९९८ मध्ये अमेरिकेतील मायकेल टोमॅशो यांच्या गटाने यांतील एक जनुक सतत चालू ठेवले, तेव्हा थंडीचा पूर्वानुभव नसलेली रोपेही गोठण्याला अधिक टिकली.

येथेच अनेकजण हुरळतात. परंतु अशी जनुके अष्टौप्रहर राबविली तर रोप खुरटते, फुलोराही लांबतो. शिवाय टोमॅटोत ती आहेत, गारठ्यात जागीही होतात. तरी बिचारा टोमॅटो थंडीपुढे हतबलच! म्हणून ‘थंडीरोधक जनुक घातले की काम भागले’ ही घोषणा आम्हांस मान्य नाही. हे नियमन केव्हा सुरू व्हावे आणि केव्हा थांबावे, यावर संशोधनाचा पैसा खर्च झाला पाहिजे. आणि त्याची परीक्षा काचघराबाहेर, पहाटेच्या उघड्या शिवारात व्हावी.